तो बोर्ड कोरडा होता

गंगापूर धरणाच्या पाण्यात माझा विंडसर्फिंगचा नवा बोर्ड बुडायला लागला तो त्यात पाणी शिरल्यामुळे, असं तेव्हाच्या आमच्या ओळखीतल्या सगळ्यांनी मानलं. तसं मीच सांगितलं होतं. ते खोटं होतं. बोर्ड माझ्या मित्राने स्वतःच्या हातांनी केला होता, आणि माझ्या एका वाक्याने त्याचं काम कच्चं ठरलं. ते पुढे कधीच पक्कं ठरलं नाही. आता मी ऐंशीच्या घरात आहे. जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो.

आम्ही दोघं सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. खातं एकच, फायबर ग्लासचं. पगार एक, वयही जवळपास एक. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. कारखान्यात कामाला आलेला एक परदेशी इंजिनियर परत जाताना आपला विंडसर्फिंगचा बोर्ड, म्हणजे शीड लावलेली लांब फळी, इथेच टाकून गेला. कुणालाच त्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून तो आमच्याकडे आला. धरणाच्या बॅकवॉटरवर काही हौशी माणसांनी एक क्लब चालवला होता. क्लब म्हणजे पत्र्याची शेड, शिडाच्या दोन होड्या आणि लहर लागली तर चालू होणारी एक मोटरबोट. त्या शेडमध्ये आम्ही बोर्ड ठेवला आणि दर रविवारी स्कूटरवरून तिकडे जाऊ लागलो.

तो बोर्ड चांगला लांबरुंद आणि जड होता. त्यावर नुसतं उभं राहिलं तरी हलायचा नाही. पडलं की पुन्हा चढायचं, उभं राहायचं आणि पाण्यात आडवं झालेलं शीड दोरीने ओढून वर घ्यायचं. पाठ मोडून यायची, पण माणूस घरी परत यायचा. मे-जूनमध्ये दुपारनंतर त्र्यंबकच्या डोंगरांकडून वारा सुटतो. त्या वाऱ्यावर दोन उन्हाळे पडत-उठत आम्ही शिकलो. मग तोच बोर्ड संथ वाटायला लागला. वारा वाढला की तो नाक वर करून धडधडायचा आणि आवरायचा नाही. काहीतरी लहान हवं, असं आम्ही बोलायला लागलो.

त्याच सुमारास मुंबईहून एक तरुण आपला लहान बोर्ड जीपच्या टपावर बांधून आला. आमचा बोर्ड पाहून म्हणाला, "काय हो, घराचा दरवाजा काढून आणलात? चोर शिरतील ना घरात."

मित्र म्हणाला, "शिरू देत. काही सापडलं तर मलाही सांगा म्हणावं."

सगळे हसले, तो तरुणही. मी हसलो नाही. मला ते लागलं होतं.

तो तरुण पाण्यात पडला की बोर्डवर चढायचाच नाही. पाण्यात उताणा राहायचा, पाय बोर्डवर टेकवायचा, शीड डोक्यावर धरायचा, आणि वाराच त्याला उचलून उभा करायचा. लहान बोर्डवर थांबून उभं राहता येत नाही, तो खाली जातो. म्हणून असं पाण्यातून उठता आलंच पाहिजे. पुढचे तीन-चार रविवार मी तेच करून पाहिलं. कमरेएवढ्या पाण्यात जमलं. पण तिथे पायाखाली जमीन होती आणि मी दुसऱ्या पायाने तळाला रेटा देत होतो. खोल पाण्यात एकदाही जमलं नाही. त्या दिवसांत मित्राचे वडील आजारी होते, तो धरणावर येत नव्हता. त्यामुळे हे त्याला माहीत नव्हतं.

बोर्ड विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मित्राने ठरवलं, आपणच करू. त्याच्या मनात आणखीही काही होतं. अंबडला नवी औद्योगिक वसाहत उभी राहत होती. तिथे छोटा गाळा घ्यायचा, बोर्ड, लहान होड्या, पाण्याच्या टाक्या असलं काही करायचं आणि नोकरी सोडायची. पुण्याकडच्या एका क्लबचे एक गृहस्थ जूनमध्ये येणार होते. बोर्ड पसंत पडला तर त्यांच्या क्लबसाठी ते काही बोर्ड घेणार होते. हे पहिलंच काम मिळालं असतं.

त्याने थर्माकोलचे ठोकळे जोडले. तापलेल्या तारेने ते कापले, मग पॉलिश पेपरने घासून आकार दिला. त्यावर काचेचं कापड आणि इपॉक्सी नावाचं घट्ट होणारं रेझिन चढायचं. खात्यात वापरायचं ते साधं रेझिन थर्माकोलला लागलं की थर्माकोल विरघळतं, हे तो एक ठोकळा वाया घालवून शिकला होता. कापड चढवण्याआधी, नुसता ठोकळा तयार असताना, तो म्हणाला, "आधी तुला तोलून पाहू."

मखमलाबादला त्याच्या मेहुण्याचा द्राक्षाचा मळा होता. तिथल्या हौदात ठोकळा सोडला आणि हौदाच्या काठाला धरून मी त्यावर उभा राहिलो. पाणी तळव्यांना जेमतेम लागलं.

"बस," मित्र म्हणाला. "इथंच थांबायचं. वारा पडला तरी उभा राहशील, दोरी ओढशील, घरी येशील."

"अजून काढ," मी म्हणालो.

"काढलेलं परत चिकटत नाही, महाराज."

"हा अर्धा दरवाजाच झाला की! त्या मुंबईवाल्याचा पाहिलास ना?"

"तो पाण्यातून उठतो. तुला उठता येतं का?"

"येतं."

"खोल पाण्यात?"

"मागच्या रविवारी दोन-तीनदा उठलो," मी म्हणालो.

त्याने पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर अविश्वास दाखवायचं त्याला कारणच नव्हतं. त्याने ठोकळा वर काढला, तिथेच बांधावर टेकवला आणि घासायला सुरुवात केली. थर्माकोलचे दाणे वाऱ्यावर वेलींच्या खाली उडत होते. मी ठोकळा धरून होतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात कधीही मी "थांब" म्हणू शकलो असतो.

दुसऱ्यांदा हौदात उभा राहिलो तेव्हा पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. वहिनी, म्हणजे मित्राची बायको, डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, हा बोर्ड आहे की पाट? जेवायला बसताय का हौदात?"

मित्र हसला नाही. तो पाण्याच्या रेषेकडे पाहत होता. "तुला येतंय ना," एवढंच म्हणाला, आणि रेष पेन्सिलीने आखून घेतली.

बोर्ड देखणा झाला. ते मी कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतो. त्यावर एक फोड नव्हता, कापडाची एक घडी दिसत नव्हती. इपॉक्सी त्याने इतकं घासलं होतं की हात फिरवला तर कुठे जोड आहे ते कळत नसे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याचे गृहस्थ आले. वारा भरपूर होता. काठाजवळच्या उथळ पाण्यातून, तळाला रेटा देऊन, मी उठलो आणि निघालो. पहिली काही मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. तो बोर्ड पाण्याला टेकतच नव्हता म्हणावं असा पळाला. काठावर मित्राने दोन्ही हात वर केलेले मला दिसले.

मध्यावर वळताना मी पडलो.

पायाखाली काही नव्हतं. मी शीड धरलं, पाय टेकवला, वारा आला, अर्धा उठलो आणि पाठीवर आपटलो. पुन्हा केलं. पुन्हा. मग बोर्डवर चढून उभं राहू लागलो तर तो माझ्यासकट खाली जायचा आणि मी कलंडायचो. जसा हौदात गेला होता तसाच जात होता, फक्त इथे धरायला काठ नव्हता. वारा मला धरणाच्या भिंतीकडे ढकलत होता. मोटरबोट त्या दिवशी चालू होईना. भिंतीच्या दगडांवर बोर्डचं नाक आपटलं, शीड फाटलं. शेवटी गंगावऱ्याकडच्या एका मासेमाराने होडी जवळ आणली.

"सायेब, ती फळी सोडा. आधी तुमी चढा."

"फळी राहू दे, ती घ्यायला हवी."

"बुडत्याला फळी देत्यात, तुमची तर फळीच बुडायली," तो म्हणाला आणि दोघांनाही होडीत घेतलं.

काठावर क्लबची सगळी माणसं जमली होती. पुण्याचे गृहस्थ पुढे आले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. आवाजात काळजी होती, आरोप नव्हता. सगळे माझ्याकडे पाहत होते. तो मुंबईचा तरुणही होता.

मी म्हणालो, "बोर्डात पाणी शिरलंय. जड झाला, बुडायला लागला."

नाक फुटलंच होतं. आतलं थर्माकोल दिसत होतं आणि ते वरवर ओलं होतं. कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. मित्र गुडघ्यावर बसला, त्या फुटलेल्या जागेवर त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "तुला लागलं का कुठे?"

"घरगुती माल," मागून कोणीतरी म्हणालं. गृहस्थांनी चहा घेतला, आमचं कौतुक केलं आणि गेले. त्यांचं पुढे काही आलं नाही.

पुढच्या रविवारी मित्राने मला घरी बोलावलं. अंगणात दोन स्टुलांवर बोर्ड आडवा ठेवला होता. हातात करवत. म्हणाला, "पाणी कुठून शिरलं ते बघायला पाहिजे. माझं कुठं चुकलं ते कळलं नाही तर पुढचा कसा करू?"

त्याने बोर्ड मधोमध कापला. मी एक टोक धरलं होतं. आत पांढरं शुभ्र, कोरडं थर्माकोल. त्याने आणखी एक काप घेतला, नाकाच्या जवळ. मग शेपटीकडे. सगळीकडे कोरडं. त्याने त्यावर तळवा दाबला, तळवा माझ्यासमोर धरला.

"कोरडा आहे रे."

त्या वेळी बोलायला हवं होतं. तिथे आम्ही दोघंच होतो. तो चिडला असता, मला चार शिव्या दिल्या असत्या आणि दुसरा बोर्ड करायला घेतला असता. मी म्हणालो, "आठवडाभर उन्हात होता. वाळला असेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असेल." त्याने करवत भिंतीला टेकवली आणि तुकडे गोळा करायला लागला. वहिनी झाडू घेऊन आल्या. दाणे झाडूला चिकटत होते, त्यावरून त्या काहीतरी बोलल्या.

त्याने पुन्हा बोर्ड केला नाही. अंबडच्या गाळ्याचं नाव काढलं नाही. निवृत्त होईपर्यंत त्याच खात्यात राहिला. आमची मैत्री तुटली नाही, हेच जास्त वाईट झालं. मी त्याच्या घरी जात राहिलो. त्याच्या घरात कुठलीही वस्तू गळायला लागली, नळ, माठ, गच्चीची टाकी, की त्याचा मुलगा म्हणायचा, "बाबांनी केलीय वाटतं!" सगळे हसायचे. मित्रही हसायचा. त्यांच्याबरोबर मीही हसत आलो, त्या मुलाचं लग्न झालं, त्याला मुलं झाली, तरी.

गेल्या दिवाळीनंतर मी त्याला सांगितलं. आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो होतो. मी म्हणालो, "त्या बोर्डात पाणी शिरलं नव्हतं. मला पाण्यातून उठता येत नव्हतं."

"माहितेय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"धरणावरून आणला त्याच रात्री वजन केलं होतं. केल्या दिवशी जेवढं होतं तेवढंच भरलं."

मी विचारलं, "मग कापलास कशाला?"

"तू बोलशील म्हणून."

त्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी माफी मागायला लागलो तर त्याने हाताने थांबवलं. म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. पोराला सांग."

त्याने आत हाक मारली. मुलगा आला, आता त्याचेही केस पिकलेत. मी त्याला हौदापासून करवतीपर्यंत सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी तो मला म्हणाला, "काका, मी किती वर्षं चिडवत आलो यांना." पण बघत होता वडिलांकडे.

"अरे, माठ तर खरंच गळत होता," मित्र म्हणाला.

मुलगा हसला नाही. "बाबा, तुम्ही एकदा तरी सांगायचं ना."

"तो सांगेल म्हणून थांबलो. मग राहूनच गेलं."

"आणि बाकीच्यांना कोण सांगणार?" मुलाने विचारलं. हे मात्र मला विचारलं होतं.

बाकीच्यांपैकी बरेच आता नाहीत. जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. मित्राने केलेला बोर्ड उत्तम होता, आणि तो ज्याच्यासाठी केला त्याने स्वतःविषयी खोटं सांगितलं होतं.

सूनबाईंनी चहा आणला. तो मी घेतला, कारण न घेता उठणं आणखी कठीण होतं. निघालो तेव्हा मुलगा ओट्यावरच बसून राहिला, वडिलांच्या खुर्चीला लागून. एरवी तो फाटकापर्यंत येतो, अंधार असला तर रिक्षा बघून देतो. फाटकाची कडी गंजलेली आहे, मला ती लवकर निघाली नाही. मागून कोणी "थांबा काका" म्हणालं नाही. मी खटपट करत उभा राहिलो, आणि ती निघाल्यावर बाहेर पडून फाटक लावून घेतलं.