वकीलीणबाईंचं इंजेक्शन

माझी मावशी रफू करते. सिगारेटने जळलेला कोट, कसरीने खाल्लेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली पँट, सगळं तिच्या टेबलावर येतं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ती दोरे उसवते आणि भोक असं भरते की गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून ते शोधत बसतं. एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत तिचं सगळं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. का, ते विचारायची आमच्यात कुणाची हिंमत नाही, कारण मावशी नाकावर माशी बसू देत नाही.

तिच्याबरोबर राहतो तिचा धाकटा भाऊ, माझा मामा. तो बेकरीत कणीक मळतो. पहाटे अंधारात जातो आणि लोक दात घासत असतात तेव्हा पिठाने पांढरा होऊन परत येतो. पीठ मळायच्या मशीनशेजारी उभं राहून त्याचा एक कान अधू झालाय. लग्न त्यानेही केलं नाही. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक नळ, आणि सख्खी भावंडं. पण दोघांमध्ये विस्तव जात नव्हता.

भांडण आजीवरून. आजी गेली त्या दुपारी मामा तिच्याजवळ होता. तब्येत बिघडतेय हे त्याला दिसत होतं, पण ‘ताई घाबरेल, संध्याकाळी येईलच की’ असं म्हणून त्याने लाँड्रीत निरोप पाठवला नाही. मावशी आली तेव्हा आजीचा चेहरा झाकलेला होता. तिने एवढंच विचारलं, “मला का नाही सांगितलंस?” आणि आमचा मामा, ज्याला वेळेवर योग्य शब्द कधीच सुचत नाही, म्हणाला, “सांगून तू काय करणार होतीस?”

झालं. मावशीने तोंड मिटलं ते मिटलंच. माझ्या आईने, म्हणजे मधल्या बहिणीने, दोघांची समजूत घालून घालून शेवटी हात टेकले.

मग जिन्यातून एक मांजरीचं पिल्लू वर आलं आणि आजीच्या खुर्चीत जाऊन बसलं. मावशीने त्याला दूध दिलं, मामाने बिस्किट दिलं, आणि काही दिवसांनी मावशी त्या मांजरीला म्हणाली, “सांग गं त्याला, गॅस संपलाय.” मामा तिथेच बसला होता. तो मांजरीला म्हणाला, “सांग तिला, आणतो.” तेव्हापासून हीच रीत पडली. दोन्ही पक्षांचं ऐकून घेते आणि स्वतः लोळते, म्हणून आईने तिचं नाव वकीलीण ठेवलं. पुढे ती जाडजूड झाली आणि तिला मान मिळाला. वकीलीणबाई, सांगा त्याला, भाडं भरायचंय. वकीलीणबाई, सांगा तिला, आमटीत मीठ नाही. मी मागच्याच गल्लीत राहते, रोज येते-जाते. मला आधी हसू यायचं, मग राग यायला लागला. एकदा म्हटलं, “तोंडं काय गहाण टाकलीत?” मावशी म्हणाली, “वकीलीणबाई, हिला सांगा, मधे बोलू नको.”

गेल्या हिवाळ्यात वकीलीणबाई पाण्याचं भांडं सोडेनात. भसाभसा पाणी पिणं, जागोजाग ओलं करणं, सारखी भूक, आणि तरी पाठीचं हाड हाताला लागायला लागलेलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि मधुमेह सांगितला. मांजरालाही तो होतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. सकाळ-संध्याकाळ खाणं झालं की इन्शुलिनचं इंजेक्शन, आणि ते जन्मभर.

घरी आल्यावर मावशी खुर्चीकडे बघून म्हणाली, “वकीलीणबाई, विचारा त्याला, बिस्किटं कोणी चारली?” नुसत्या बिस्किटाने हा रोग होत नाही, वय आणि वजन दोन्ही नडतात, असं डॉक्टरीणबाईंनी दोघांसमोर सांगितलं होतं. पण मामाने मावशीचं बोलणं मनाला लावून घेतलं. तेव्हापासून साखरेचा डबा दिसला तरी तो नजर फिरवायचा.

सुई टोचायचं काम अर्थात मावशीचं. मामा धरायचा. जमिनीवर पोतं अंथरून दोघं समोरासमोर बसायचे, मधे वकीलीणबाई. मावशी मानेमागची कातडी चिमटीत उचलायची आणि मांजरीला कळायच्या आत सुई आत जाऊन बाहेर यायची. “सांगा त्याला, इतकं घट्ट नको धरू.” मामाची बोटं सैल पडायची. “सांगा तिला, आज जरा पोट भरलेलं वाटतंय.” “हो का?” मावशी म्हणायची, आणि ते ‘हो का’ नेमकं कुणाला म्हटलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दोघांची डोकी एकमेकांना टेकतील इतकी जवळ यायची. मी दारात उभी राहून बघायची. मला वेडीला वाटलं, आजारपणाने का होईना, यांचं जुळतंय. फार बरं वाटायचं मला तेव्हा.

त्या दिवशी मावशीकडे घाईचा कोट होता आणि मालकाने तिला लवकर बोलावलं होतं. मांजरीला तिची सवय झाली होती, धरायलाही कुणी लागत नव्हतं. तिने खायला घातलं, इंजेक्शन दिलं, सुई टाकून दिली, भांडं धुऊन पालथं घातलं. मामा नुकताच बेकरीतून आला होता आणि मोरीत हातापायांचं पीठ धूत होता. नळ धो धो चालू. मावशीने चपला घालता घालता नेहमीसारखं मोठ्याने म्हटलं, “वकीलीणबाई, सांगा त्याला, तुमचं झालंय.” मोरीतून उत्तर आलं नाही. नळ चालू आहे हे तिला कळत होतं. पण तेच पुन्हा म्हणणं म्हणजे सरळ त्याच्याशीच बोलल्यासारखं झालं असतं. ती जिना उतरली.

मामा बाहेर आला तर ताई गेलेली, भांडं पालथं, आणि वकीलीणबाई पायात घोटाळत ओरडतायत. भूक तर त्यांची भागतच नव्हती. त्याला वाटलं, घाईत राहून गेलं. एकही इंजेक्शन चुकवायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आमच्या मामाने जन्मात कुणाला टाचणी टोचली नव्हती. त्याने पुन्हा खायला घातलं. मांजरीने दोन घास खाल्ले. मग त्या जाड बोटांनी त्याने औषध भरलं, पोतं अंथरलं, आणि एकट्याने इंजेक्शन दिलं. पहिल्याच फटक्यात जमलं. नंतर त्याने मला सांगितलं की त्याला इतका आनंद झाला, तो मांजरीला म्हणाला, “संध्याकाळी सांगा हं तिला, मला जमलं.”

मग तो झोपला. उठला तेव्हा वकीलीणबाई भिंतीला धडकत चालत होत्या. मागचे पाय फाकत होते. मग त्या आडव्या पडल्या आणि त्यांना झटके यायला लागले. साखर फार उतरून असं झालं तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळा, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण आता मामाला वाटलं की हे साखरेनेच होतंय. डबा हाताशी होता. त्याचा हात धजला नाही.

त्याने मांजरीला पिशवीत घातलं आणि अनवाणी लाँड्रीपर्यंत पळत गेला. मालक नंतर सांगत होता, गिऱ्हाइकांना ढकलून तो थेट मागच्या खोलीत शिरला आणि ओरडला, “ताई, चल!” आजी गेल्यापासून तिच्याशी बोललेले पहिले शब्द. मावशी बोटात अंगुस्तान तसंच ठेवून उठली. मालकाने मला फोन केला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा वकीलीणबाईंच्या पायात सलाईन होतं आणि डोळे उघडे, पण त्यात काही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “सकाळचं इंजेक्शन कोणी दिलं?”

“मी,” दोघं एकदम म्हणाले.

मावशीने मामाकडे बघितलंच नाही. टेबलावरच्या त्या थंड पडत चाललेल्या जिवाकडे वाकून ती म्हणाली, “तुम्हाला सांगून गेले होते ना मी?”

“नळ चालू होता,” मामाने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. “नळ चालू होता हो.”

दिवे लागायच्या सुमारास सगळं संपलं. बेकरीच्या मागे, जळणाच्या लाकडांपलीकडे मोकळी जागा आहे. मामाने तिथे खड्डा खणला. मावशीने कोटाच्या अस्तराचं राहिलेलं कापड आणलं होतं, त्यात गुंडाळलं. दोघांनी मिळून माती लोटली.

घरी आलो. मी चहा केला. मामा एका भिंतीशी, मावशी दुसऱ्या भिंतीशी, आणि मधे आजीची रिकामी खुर्ची, तिच्यावर केसच केस. मावशीने तोंड उघडलं, खुर्चीकडे बघितलं आणि मिटलं. मामाने तेच केलं. मला ते बघवेना. माझं डोकंच फिरलं. “अरे, मेली ती!” मी ओरडले. “एका मांजरीच्या भरवशावर किती वर्षं जगलात? आता तरी सरळ बोला! दोन हातांवर बसलाय की तो!”

मावशीने माझ्याकडे तोंड केलं. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

“त्याला सांग,” ती म्हणाली, “तू मुद्दाम नाही केलंस.”

मी म्हणणार होते, तूच सांग. पण मामा माझ्याकडे बघत होता. तिच्याकडे नाही, माझ्याकडे.

“मामा,” मी म्हटलं, “ती म्हणते, तू मुद्दाम नाही केलंस.”

त्याने मान हलवली. मग म्हणाला, “तिला सांग, तेव्हाही नाही. आईच्या वेळीही नाही.”

मावशीने ते ऐकलं होतं. तिचे डोळे भरून वाहत होते. तरी ती माझ्याच तोंडाकडे बघत, वाट बघत बसली. मी खुर्चीवरचे केस झटकले, बसले, आणि तिला सांगितलं.