देवाच्या ताब्यातला डिटेक्टर

“पेटी देवाच्या ताब्यात आसा,” बाबी गुरव म्हणाले. “देवाक इचारल्याशिवाय मिळाची नाय.”

आमच्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने चपला काढल्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. न्यूट्रॉन तारा म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गोळा. यातले काही मेल्यावरही गप्प बसत नाहीत. मधूनच गॅमा किरणांचा झटका देतात, थांबतात, परत देतात. हे किरण हवेतच अडकतात, म्हणून ते मोजणारा डिटेक्टर आम्ही पेटीत घालून, बलूनला बांधून वर पाठवायचो. काम झालं की पेटी पॅराशूटने खाली. या वेळी वाऱ्याने ती मालवणच्या आतल्या एका गावात, देवळामागच्या काजूत आणून टाकली. पेटीत मोजमापांची टेप होती आणि टेपमध्ये सरांचा जीव. त्या सीझनचं ते एकच फ्लाइट होतं.

पेटीत काय आहे, ते सरांनी गुरवांना बराच वेळ समजावलं. मग गुरवांनी पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवल्या. याला कौल लावणं म्हणतात. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, खंयचो तरी तारो मेलो, तरी परत परत फुटता हा...”

“व्हय म्हाराजा,” गावकरी म्हणाले.

“तेचो हिशोब ह्या पेटयेत आसा. ती ह्या सायबांका देऊची काय नको, तां सांग म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

सरांच्या लेक्चरपेक्षा मला हे लवकर कळलं.

डावी पडली. सर पांढरेफटक. मला हसू येत होतं आणि त्यांची कीवही. मग ते पुटपुटले, “एका रीडिंगवर माझा विश्वास नाही. रिपीट करा.” हे ऐकून ऑफिसात आमचे कान किटले होते. एकटा झटका कशाचाही असू शकतो. परत आला, तरच तो ताऱ्याचा.

“ह्यां खरां,” गुरव म्हणाले. “सवाल अर्धोच घातलंय मी. त्या छत्रेचा काय, तां इचारूचाच रवला.”

सगळ्यांनी वर पाहिलं. जत्रेचा मंडप म्हणून आमचं पॅराशूट ताणलेलं होतं.

“छत्री देवाची,” सर लगेच म्हणाले.

नवं गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पडली.

परत येऊन टेप लावली. तारा त्या फ्लाइटमध्ये एकदाही फुटला नव्हता. मला फार वाईट वाटलं. सरांनी टेप काढून डबीत ठेवली. मग म्हणाले, “सवाल अर्धा घातला असेल. परत उडवू.”

तारा असो की देव, पहिल्या उत्तरावर उठून जाऊ नये. आणि स्टोअर्समधून पॅराशूट नेहमी एक जास्तीचं मागवावं.