तांबूचं पाणी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही.

कासू गावातल्या आमच्या घरात तांबू नावाचा कुत्रा होता. सासऱ्यांचा. आबांचं आयुष्य मिठागरात गेलं. सासूबाई वारल्यावर ते माणसांपेक्षा तांबूशीच जास्त बोलायचे. जेवताना आपल्या ताटातली सुकट त्याला घालायचे.

तांबू म्हातारा झाला आणि घरात मुतायला लागला. ओटीवर, दारात, माझ्या अंथरुणाशी. पाणी तर सारखं प्यायचा. पुसून पुसून मी वैतागले. मग — कसं सांगू? — मी त्याचं पाणीच तोडलं. प्यायला नाही तर मुतणार कुठून? आबा सकाळी बाहेर पडले की भांडं उचलायचं, ते परतायच्या सुमारास भरून ठेवायचं. ऐन उन्हाळ्यात. तो मोरीतली ओली फरशी चाटायचा. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मी मोरीचं दार लावून घेतलं.

पुढे त्याचं खाणं सुटलं, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला घाण वास यायला लागला. आबांनी आणि मी त्याला रिक्षातून पेणला नेलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडं थकलीत. लघवी पाण्यासारखी होते, म्हणून जनावर जास्त पितं. ते पाणी तुटलं की घाण रक्तातच साचते. पाणी मिळत होतं ना?"

"व्हय, भांडं भरलेलंच असतं," मी म्हटलं. पटकन.

"खायला काय?"

"माझ्या ताटातली सुकट," आबा म्हणाले.

"एवढं खारट? अहो, मूत्रपिंडाला ते सोसत नाही."

आबांचा चेहरा पडला. तेव्हाच बोलायला हवं होतं — नाही का? मी तांबूच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

चार-पाच दिवसांत तो गेला. आबांनी सुकट सोडली. पानात वाढली तर ताट सरकवायचे. वर्षानुवर्षं. आणि मी? त्यांच्यासाठी वेगळी भाजी करायची. सून किती जपते, असं शेजारणी म्हणायच्या.

शेवटच्या दुखण्यात एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. आबा म्हणाले, "तांबूला मीच मारला गो."

"मुद्दाम थोडंच केलंत, आबा? जाऊ द्या आता," मी म्हटलं.

त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मी ते जोडू दिले.