ब्राँझच्या बाईचा मळवट

ती घटना विसरणं शक्य नाही. तपास करता करता गुन्हाच हरवला, असं माझ्या नोकरीत एकदाच घडलं. लग्नानंतर पुण्याहून नेदरलँड्सला आले, इथल्या पोलिसात भरती झाले आणि मुदतीआधी निवृत्त झाले. ही आठवण नोकरीच्या अखेरच्या काळातली.

आमच्या हद्दीतल्या बागेत गुलामगिरीच्या अंताचं स्मारक आहे. सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतल्या मळ्यावरून सुटलेली ब्राँझची बाई: अनवाणी, पायातली साखळी तुटलेली, मान ताठ. समोर उभं राहिलं की आपलीही पाठ सरळ होते. गुलामगिरी संपल्याच्या स्मरणदिनाच्या तोंडावर नगरपालिकेची तक्रार आली, पुतळ्याला पांढरा रंग फासला आहे. हे वर्णद्वेष्ट्यांचंच काम, असं सगळे धरून चालले. पुतळ्याभोवती उंच कुंपण घालायचंही ठरलं.

मी पंचनाम्याला गेले. द्वेषाने फासणारा माणूस डोळ्यांवर फासतो आणि पळतो. इथे पांढरं होतं ते फक्त पावलांवर आणि कपाळावर, तेही सावकाश बोटं फिरवून. आपल्याकडे देवीला मळवट भरतात तसं. मी सहकाऱ्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, रंग तो रंगच.

कुत्रा फिरवणाऱ्या एका गृहस्थाने खबर दिली: सकाळी एक वयस्कर बाई बादली घेऊन येतात. त्यांना ठाण्यात बोलावलं. मूळच्या सुरिनामच्या, निवृत्त परिचारिका. आमच्या कॉफीचा घोट घेऊन त्यांनी विचारलं, जबाब नंतर घेणार की ही कॉफीच शिक्षा आहे? मग सगळं सरळ कबूल केलं. तो रंग नव्हे, पाण्यात कालवलेली पांढरी माती. पूर्वजांना न्हाऊ घालून ती लावायची, अशी त्यांच्या घरची रीत.

"परवानगी का नाही घेतलीत?" सहकाऱ्याने विचारलं.

"माझ्या आजीच्या आजीला विकलं तेव्हा तिची कोणी घेतली होती, पोरा? आता तिला आंघोळ घालायला मी घेऊ?"

दंडाची त्यांना फिकीर नव्हती. धास्ती होती ती कुंपणाची. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुटलेल्या बाईला पुन्हा कोंडताय. माझा हात पोचायला हवा तिच्यापर्यंत."

मी बागेत जाऊन माती धुऊन पाहिली. ब्राँझवर डाग नव्हता. नुकसान नाही, तर गुन्हा नाही. अहवालात तसं लिहिलं, आणि कुंपणाला कारण उरलेलं नाही, हेही. बरीच कुरकुर करून नगरपालिकेने ते रद्द केलं.

स्मरणदिनी भाषणं लांबली. बाई उठल्या, पुढे गेल्या आणि पुतळ्याच्या पावलांना माती लावू लागल्या. महापौर बोलायचे थांबले.

पुढे नोकरीत असेपर्यंत 'नुकसान' असं लिहिण्याआधी मी एक प्रश्न विचारत राहिले: कोणाचं?