बियाण्याचे भारे आणि खोतांचे यंत्र

कचेरीच्या दारात बसून अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय. शिक्षण इंग्रजी तिसरीपर्यंत झाले असल्याने माणगाव तालुक्यात माझ्या शब्दाला वजन होते, आणि त्या वजनाखालीच माझ्या थोरल्या भावाचे बियाणे चिरडले गेले, हे मला आजही मान्य करावे लागते.

भावाच्या घरची रीत सोपी होती. भाताच्या उभ्या पिकातून वहिनी चांगल्या लोंब्या निवडीत व त्यांचे भारे वेगळे ठेवीत. भाऊ एकेक पेंढी लाकडी बाकावर तीनदाच हलके आपटी. त्या तीन फटक्यांत जो दाणा गळे तोच पुरता पिकलेला, तोच बियाण्याचा. उरलेला पुन्हा झोडून खाण्यासाठी. मग अखंड राहिलेल्या पेंढ्याची गोल मुडी वळून त्यात बी बांधले, की पुढल्या पेरणीची चिंता मिटे.

त्या वर्षी गावच्या खोतांनी मळणीचे यंत्र आणविले. तेलाचे इंजिन, लांब पट्टा, आत दातेरी लोखंडी पिंप आणि त्याची फट कमीजास्त करण्यास जागोजाग स्क्रू. सोबतचे इंग्रजी पुस्तक वाचण्यास अर्थातच मला बोलावणे आले. पहिला मान भावाच्या बियाण्याला, असे मी ठरवूनही टाकले.

"बी यंत्रात न्हाय घालीत," भाऊ म्हणाला. "त्ये हाताचं काम हाय."

"दादा, पुस्तकात सर्व काही दिलेले आहे."

"पुस्तकानं कधी भात लावलाय काय?" वहिनींनी विचारले. पण सगळ्या खळ्यासमोर दिराचा शब्द त्यांनी मोडला नाही.

यंत्रवाल्याने स्क्रू सैल करू का म्हणून दोनदा विचारले. मी पुस्तकातला आकडा दाखवून त्यास गप्प केले. तो आकडा गव्हाचा होता. भाताचा पुढल्या पानावर होता, आणि ते पान मी उलटलेच नव्हते.

पिंपातून तूस, कच्चे दाणे व तुकडे एकत्रच बाहेर पडले. पेंढ्याचा भुगा झाला. वहिनींनी मूठभर उचलून तळहातावर पसरले आणि सूप आणावयास गेल्या.

"खोतांकडे रीतसर तक्रार अर्ज करतो," मी म्हणालो.

"कर," भाऊ म्हणाला. "अर्ज पेरू मिरगाला. बघू काय उगवतं."

मी चष्मा लावून वहिनींसमोर बसलो. एकेक अखंड दाणा वेचावा, तर त्यातही पिकलेला कोणता व कच्चा कोणता, हे मला ओळखता येईना. माझ्या ढिगातले निम्मे दाणे त्या बाजूला काढीत होत्या. दिवस मावळेपर्यंत हेच चालले. मुडी वळण्यास धड पेंढा नव्हता. तोही शेजाऱ्याकडून मागून आणावा लागला.

दरवर्षी ती मुडी माळ्यावर चढविण्यास दोन माणसे लागत. त्या वर्षी वहिनींनी ती एका हाताने ठेवली.