चौथा साचा

आमच्या दुकानात तीन लाकडी साचे होते, लहान, मधला आणि मोठा. त्यांच्यावर माझे वडील, अप्पा, म्हैसुरी पेटे बांधायचे, म्हणजे जरीच्या काठाचे तयार फेटे, सत्काराला डोक्यावर नुसते ठेवायचे. म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातल्या त्या चिंचोळ्या दुकानात जरी चिकटवतच मी लहानाची मोठी झाले, पण पेटा कधी घालून पाहिला नाही. अप्पांचा नियमच होता. पेटा कमावलेल्या डोक्यावरच चढायचा. गमतीत घातला तर मान रुसतो म्हणे. आणि कमावलेली डोकी पुरुषांचीच, असं कुणी बोललं नव्हतं, पण तिन्ही साचे पुरुषी डोक्यांच्याच मापाचे होते. बायकांच्या वाट्याला शाल आणि फळांची टोपली. मला त्या टोपलीचा फार राग यायचा.

एम.एस्सी.ला मी विद्यापीठात पहिली आले. सुवर्णपदकाचं पत्र आलं, त्यात पेटा घालून सत्कार करणार असंही होतं. ते पत्र मी पिशवीतच दडवलं. आदल्या वर्षी शिष्यवृत्तीची यादी लागण्याआधीच पेढे वाटून मी तोंडघशी पडले होते, तेव्हापासून ताकही फुंकून पीत होते. त्याच आठवड्यात विभागाचा शिपाई दुकानात आला. यंदाच्या पदकासाठी एक पेटा हवा होता.

"माप?" अप्पांनी विचारलं.

"नेहमीचंच करा."

अप्पांनी मधला साचा काढला. मी शेजारीच बसले होते. तोंड उघडलं असतं तर माप बरोबर आलं असतं. पण मला तो पेटा माझ्या डोक्यावर चढताना अप्पांनी अचानक पाहायला हवा होता. एवढ्या वर्षांची तेवढी एकच हौस होती. मी फक्त म्हटलं, "अप्पा, तुम्हीच घेऊन चला. नीट बसवायला माणूस लागतो, अल्वा? हो ना?"

त्यामुळे सत्काराच्या दिवशी अप्पा मंचाच्या कडेला तबक घेऊन उभे होते. माझं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तबकाकडे. पाहुण्यांनी पेटा उचलून माझ्या डोक्यावर ठेवला, आणि तो सरळ नाकापर्यंत घसरला. सभागृहात हशा पिकला. मला काही दिसेना. एवढं करून शेवटी माझं हसंच झालं, असं वाटून रडू आलं.

मग चपलांचा आवाज आला. ओळखीचा.

"स्वल्प थांब गं. हलू नको," अप्पा म्हणाले. त्यांनी खिशातला रुमाल घडी करून पेट्याच्या आत सरकवला, पेटा कपाळावर नीट बसवला. मग पाहुण्यांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं कन्नडात म्हणाले, "माप माझंच चुकलं, सर. डोकं घरातलंच होतं, मी कधी मोजलं नाही."

टाळ्या पडल्या. त्या मला की अप्पांना, कोण जाणे. मी मान इतकी ताठ ठेवली होती की दुसऱ्या दिवशी दुखली.

त्याच दुसऱ्या दिवशी अप्पा मला सुताराकडे घेऊन गेले आणि माझ्या डोक्याचं माप देऊन एक नवा साचा करवून घेतला. आज इतक्या वर्षांनी दुकानात चार साचे आहेत. विद्यापीठाची मागणी आली की अप्पा आधी चौथाच काढतात, आणि सगळ्यांत जास्त झिजलाय तोही तोच.