ताणावरची झाडं

त्या हिवाळ्यात, यवतमाळला जायचं नसेल त्या दिवशी, मी सकाळीच बाबांना स्कूटरवर मागे बसवून बागेत न्यायचे. दारव्ह्याबाहेर कपाशीची शेतं, वेचून उरलेला कापूस धुक्यात लोंबलेला, आणि त्यापुढे आमची संत्र्याची छोटी बाग. ऊन कोवळं असे. बाग झोपेत असल्यासारखी दिसायची, आणि मीही पुरती जागी झालेली नसायचे.

झाडं ताणावर सोडली होती. संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहराच्या सुमाराची फुलं, घ्यायचा, तर आमच्याकडे डिसेंबरात पाणी बंद करतात. पानं मलूल होतात, दुमडतात, काही गळतात. तहानेलं झाड वाढायचं थांबतं आणि फुलाच्या तयारीला लागतं. मग संक्रांतीच्या सुमारास पाणी सोडलं, की काही आठवड्यांत बाग पांढरी होते. मधेच कुणाला दया येऊन पाणी दिलं गेलं, तर झाड नुसती पालवी फोडतं आणि फूल विसरतं.

त्याच वर्षी डॉक्टरांनी बाबांनाही ताणावर सोडलं होतं. हे बाबांचेच शब्द. किडन्या थकल्या होत्या, डायलिसिससाठी यवतमाळ गाठावं लागे, आणि दिवसभराचं पाणी आई तांब्यात मोजून ठेवी. चहा, वरण, औषधाचा घोट, सगळं त्यातलंच. संत्रं तर वर्ज्यच, कारण त्यातलं पोटॅशियम बाबांच्या रक्तात साचे. जन्मभर कचेरीत खर्डेघाशी करून हौसेनं बाग लावली, आणि फळ तोंडात घालायची बंदी. त्यावर ते इतके विनोद करायचे की मला राग यायचा.

बागेत गेलं की ते आळ्याच्या कडेला बसून काडीनं माती उकरायचे. खाली अजून ओल असे. तिथे त्यांना पांढरी मुळी सापडली की चेहरा खुलायचा. जाड तपकिरी मुळं झाडाला धरून ठेवतात, पिण्याचं काम मात्र या कोवळ्या मुळीचं, असं ते सांगत. तिच्यावर बारीक लव असते. मातीच्या कणांना चिकटलेलं पाणी ती लव ओढून घेते. नत्र, जस्त, पोटॅश, जे काय असेल ते पाण्यात विरघळलं तरच झाडाच्या पोटात जातं. कोरड्या मातीत खताची गोणी ओतली तरी झाड उपाशी. आणि नको असलेलं बरंचसं मुळी दारातच अडवते.

“असं गाळणं मले पाह्यजे होतं,” ते हसत म्हणाले.

मला हसू आलं नाही. जमिनीखाली, आमच्या चपलांच्या खाली, अंधारात केवढी पिण्याची धडपड चालली असेल, असं वाटून मी तिथे पाय जपून टाकायचे. बाबांना हा बहार बघायला मिळेल ना, ही धास्ती आई आणि मला दोघींना होती. आम्ही त्याविषयी बोलत नसू.

दुपारी आई डबा घेऊन यायची. जेवून बाबा आणि मी सावलीत डुलकी काढायचो. झोपेत कुठेतरी पाणी ओतल्याचा आवाज येई आणि मला ते स्वप्नच वाटे. विहिरीजवळचं एक झाड इतरांपेक्षा हिरवं राहिलं होतं. त्याला विहिरीचा झिरपा लागत असेल, असं बाबा म्हणाले होते.

संक्रांतीनंतर पाणी सोडलं, आणि पुढे एका सकाळी वास रस्त्यापर्यंत आला. बाबा काठी टेकत रांगांमधून हळूहळू फिरले, फुलांवर तोंड नेऊन उभे राहिले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्या दिवशी आईही आमच्याबरोबरच आली होती.

विहिरीजवळच्या झाडापाशी बाबा थांबले. त्यावर एकही फूल नव्हतं, लुसलुशीत पालवी मात्र भरभरून आली होती. झिरप्यानं एवढं होत नाही, हे त्यांना कळलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी आईकडे पाहिलं.

“तू पाणी देलं याले?”

“देलं. तुमी झोपले की देत होती, बादलीनं.”

“काहून? तुले माहीत होतं ना, ताण मोडते म्हणून?”

“माहीत होतं.” आई झाडाकडेच बघत होती. “तुमाले नाही म्हणू म्हणू जीव थकला माहा. कोनाले तरी पोटभर पाजावं वाटे.”

काठी बाजूला ठेवून बाबा त्या बिनफुलाच्या झाडाखाली बसले, आणि आईला बसायला त्यांनी शेजारची पानं हातानं बाजूला सारली.